फ्यूज माझ्या खिशात होते, तरीही

मित्रांनो, वायरिंग मी स्वतः बघून, करून शिकलो. त्यामुळे इलेक्ट्रिशियनांच्या युनियनचा विषय निघाला की म्हणायचो, "मला कुणाची गरज नाही."

आज अंबडच्या एका कारखान्यात शिडीवर होतो. मेन बंद, तिन्ही फ्यूज काढून माझ्या खिशात. म्हणजे मी वर असताना चुकूनही कुणी लाइन चालू करणार नाही.

ठेकेदार खालून ओरडला, "फ्यूज दे, मशीन चालवायचंय!"

"काम झाल्याशिवाय नाही."

"मग उद्यापासून येऊ नको!"

माझ्यासोबत तिथंच काम करणारा, युनियनमधला सुरेश पुढे आला. "शेठ, भाऊ नाही तर आम्हीपण नाही." त्यानं आणि बाकीच्या वायरमननीही आपापली पक्कड खाली ठेवली. ठेकेदार पुटपुटत निघून गेला.

फ्यूजनं माझा जीव राखला, पण रोजीरोटी या युनियनवाल्यांनी राखली. उद्या सभासद होतोय.

तुम्ही 'नाही' म्हणालात, तर तुमच्याबरोबर कोण थांबेल?