बुन्हीच्या ट्रॅक्टरचे मागचे दिवे

दक्षिण कोरियातल्या हेनामच्या एका गावात बुन्हीला कुणी बुन्ही म्हणत नसे. ती दासोमची आई. नवरा गेला तेव्हा दासोम जेमतेम शाळेत जायला लागली होती आणि बुन्हीला सायकलसुद्धा धड येत नव्हती. शेजारच्या छुनसिककाकांनी तिला धरून ट्रॅक्टरवर चढवलं आणि स्वतः बांधावर उभं राहून, पलीकडच्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत ओरडत शिकवलं. पहिल्याच दिवशी तिने त्यांचाच कोबीचा वाफा भुईसपाट केला. ती रडायला लागली तर काका म्हणाले, "कोबी परत लावता येतो. तू वळव." तेव्हापासून बाई वळवतेच आहे. आता निम्म्या गावाची जमीन तिच्या ट्रॅक्टरखालून जाते आणि दमायला वेळ मिळत नाही एवढीच तिची तक्रार असते.

तर त्या दासोमचं दुसऱ्या दिवशी ग्वांगजू शहरात लग्न होतं. सकाळी गावासाठी बस येणार होती. वडील नाहीत म्हणून नवरीचा हात धरून तिला नवऱ्यापर्यंत न्यायचा मान छुनसिककाकांचा होता. त्यासाठी काकांनी सूट शिवून घेतला होता आणि तो घालून ते कोंबड्यांसमोर चालण्याचा सराव करत होते.

पण आभाळाने घोळ घातला. उद्या दुपारपासून आठवडाभर पाऊस, असं रेडिओ सारखा बजावत होता. सगळ्यांचे ट्रॅक्टर आपापल्या शेतात गुंतलेले, आणि काकांचं लसूण लावायचं शेत तेवढं नांगरायचं राहिलेलं. घरचा माणूस म्हणून बुन्हीने त्यांना शेवटी ठेवलं होतं. आज उरकते, असा तिने शब्द दिला होता. काका हट्टाला पेटले. "जमीन भुसभुशीत झाल्याशिवाय मी बसमध्ये पाय ठेवणार नाही," ते म्हणाले. "लसूण गेला तर वर्ष गेलं. सकाळी मी माझी कुदळ घेऊन बसेन. पोरीचा हात मालजा धरेल."

शेजारची मालजाताई केसांना रोलर लावून तिथेच उभी होती. ती म्हणाली, "लग्नाच्या बसमध्ये आम्ही बायका वाटभर नाचतो, माझे हात त्याला लागतात, मी नाही कुणाचा धरणार."

दिवस मावळला. बुन्हीने मागचे दिवे लावले आणि मान वळवून बघितलं. पुढचे दिवे झक्क होते, पण माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर चालतो मागे. मागचे एलईडी असे पेटले होते की जणू कुणी त्यांच्यावर पांघरूण घातलंय. पलीकडे दगडी बांध. पातं दगडावर बसलं की लसूणही गेला आणि यंत्रही गेलं.

हां हां म्हणता बायका जमल्या. लग्नाची धिरडी परतायचं सोडून प्रत्येकीने निदान सुरू केलं. बॅटरी मेली असेल, डायनामो दमला असेल, काच पुसून बघ. काकांचं एकच पालुपद होतं, "स्वस्तातले दिवे घेतेस, मग असंच होणार." बुन्हीने मागच्याच महिन्यात महागाचे घेतले होते, तेही मिणमिणतेच निघाले होते. तिने मनाशी म्हटलं, दोन्ही वेळचे दिवे कसे वाईट असतील? वाटेत कुणीतरी वीज खातंय.

तिने मीटर लावला. बॅटरीपाशी पुरेपूर, दिव्यापाशी निम्म्याहून थोडी जास्त. मग एक सुटी वायर घेतली, एक टोक दिव्याच्या काळ्या वायरला, दुसरं थेट बॅटरीच्या उणे टोकाला. लख्ख उजेड पडला. मालजाताई एकदम उघड्यावर सापडल्यासारखी रोलर लपवायला लागली. वायर काढली की पुन्हा अंधार, लावली की पुन्हा दिवाळी. बायकांना तो खेळच झाला, आणखी एकदा, आणखी एकदा. पण ती वायर बारीक होती, हाताला चटके देऊ लागली, रात्रभर टिकणारी नव्हती. पण त्या खेळाने एवढं कळलं की खोट होती काळ्या वायरच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ती ट्रॅक्टरच्या अंगाला कसलेली होती. बुन्ही बॉनेटखाली बोट फिरवत फिरवत गेली आणि बोट माशावर जाऊन थांबलं.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी त्याची पूजा झाली होती. डुकराचं उकडलेलं मुंडकं मांडलं, सगळे पाया पडले, चाकांवर तांदळाची पांढरी दारू ओतली. शेवटी काकांनी सुक्या माशाला पांढरा दोरा गुंडाळून तो बॉनेटखाली राखणीला बांधला. मासा डोळे मिटत नाही, चोवीस तास पहारा देतो. त्यांनी सगळ्यांत मजबूत बोल्ट निवडला होता. दर वसंतात ते बॉनेट उघडून पहारेकऱ्याला घोटभर दारू पाजत. त्याच बोल्टावर काळी वायर कसलेली होती. खाली दारूने बुरशीसारखा हिरवा-पांढरा गंज चढला होता आणि तोच वीज अडवत होता.

सगळ्याजणी दोन पावलं मागे सरल्या. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी राखणदार कोण सोडणार? साप धरणाऱ्या बुन्हीचाही हात पुढे होईना. तिला खरोखर भीती वाटली, तीही दासोमसाठी.

काका वाकून बघत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी दारू कुणाला पाजली?"

"बोल्टाला, काका."

"आणि दिव्यांना शिव्या?"

"त्या मला दिल्यात."

आधी मालजाताईला हसू फुटलं, मग कुणालाच आवरेना. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतः गाठ सोडली, मासा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "जे संकट पोरीवर यायचं ते याने दिव्यांवर घेतलं. याचं काम झालं. घास तो बोल्ट."

बुन्हीने पॉलिश कागदाने बोल्ट आणि वायरचं टोक चकचकीत होईपर्यंत घासलं आणि कसून आवळलं. दिवे असे पेटले की बायकांना बांधावर बसमधल्या नाचाची तालीम करावीशी वाटली, आणि त्यांनी ती केलीच. काका मासा मांडीवर घेऊन बुन्हीशेजारी बसले आणि शेवटच्या फेरीपर्यंत ओरडत राहिले. लसणाची जमीन पिठासारखी झाली.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात दासोमने त्यांचा हात धरला आणि नाक मुरडलं. "आजोबा, कसला वास येतोय?"

"तुझ्या आईच्या दिव्यांचा," काका म्हणाले. तिने हात आणखी घट्ट धरला.

दोघं चालत गेली. नवरा हात पुढे करून उभा राहिला, पण काकांची मूठ काही सुटेना. संगीत संपलं, पाहुणे चुळबुळायला लागले, काका समोर बघत तसेच उभे. पहिल्या रांगेत गुलाबी पोशाखातल्या बुन्हीने डोळे पुसले आणि बांधावरच्या त्याच आवाजात, फक्त थोडं हळू, म्हटलं, "काका, वळवा आता."