वहीतल्या एकतीस जागा

अन्विता, ईशान – परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही सुदामआजोबांच्या संगीताची वही स्कॅन करून मागितलीत. पाठवते. पण आधी हे वाचा. मी परतूरला आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. वर्गात एखाद्या पोरीच्या अंगात आलं, तर तिला ग्लुकोज पाजून पुन्हा बाकावर बसवणारी मी. तरीही हे कोडं मला सुटलेलं नाही.

सुदामभाऊ माझे धाकटे दीर, लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेट मास्तर. निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे शिकायला बसले. त्यांना ते मुळीच रुचलं नव्हतं. त्यांची रीत अशी – मास्तर एक ओळ वाजवणार, शिकणाऱ्याने लगेच स्वतःच्या मनाची ओळ जवाब म्हणून द्यायची. मी मात्र त्यांचीच ओळ परत वाजवायचे.

"वहिनी, माझंच थुकलेलं मला वापस देऊन राह्यल्या का?" म्हणत ते खालच्या सुरात एक घाणेरडा 'भोंऽप' काढायचे. हसल्यासारखा. शेजारीही हसायचे.

मग मी चोरून त्यांच्या जागा, म्हणजे त्यांच्या खास सुरावटी, वहीत उतरवू लागले, नंबर घालून. एकतीस झाल्या तेव्हा त्यांनी वही पाहिली.

"मला कोंडलं व्हय यात? मी मेलो तरी तुमच्या हातून यातली एक वाजू द्यायचो न्हाई!"

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दोन महिन्यांनी हार्ट अटॅकने गेले. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर त्यांच्या बायकोने, शकूने, ट्रम्पेट माझ्या हातात दिला. "वाजवा ताई, न्हाईतर यांचं सारं वाया गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी वही उघडली. जागा एक. तीन सूर बरोबर... चौथ्याला भोंऽप. जागा दोन – चौथ्याला भोंऽप. एकतीसच्या एकतीस! मध्येच शाळेची प्रार्थना वाजवून पाहिली, ती स्वच्छ वाजली.

शकू पिठाच्या हातांनी धावत आली. "ताई, यांच्यावानी हसू नका हो!"

"मी नाही हसत, शकू."

जालन्याला दुरुस्तीवाल्याकडे नेला. मी गुणगुणून दाखवलेली जागा त्याने सहज वाजवली. "मॅडम, बाजा बिलकुल ठीक हाय." मी तिथेच तीच जागा वाजवली – भोंऽप. त्याने ट्रम्पेट माझ्या हातातून काढून पेटीत घातला. "जल्दी घेऊन जा."

घरी आले ती पेटलेलीच. वही उघडलीच नाही. त्या भोंऽपला उत्तर म्हणून रागाने एक ओळ फुंकली – कुणाचीच नसलेली. ती शेवटपर्यंत वाजली. ट्रम्पेट मांडीवर ठेवला, हात बाजूला घेतले... आणि तो माझ्या मांडीवर, ओठांपासून हातभर लांब, एकदाच वाजला. भोंऽप.

शकू दारातच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. हवं तर तिला विचारा.

ओठ, ट्रम्पेटच्या कळा, दमट हवा – सगळं तपासून झालं. कारण सापडलं नाही. वहीतलं मला आजही वाजवता येत नाही. तुम्हाला येतं का ते बघा.

माझ्याकडे उरलंय ते एवढं: चालू असलेला ट्रम्पेट आणि माझी ती एक ओळ. ती मी लिहून ठेवलेली नाही.