भाताच्या डोंगरावर भेटलेली रेणुकामाय

लेकीला मधुमेह आहे हे कळलं तेव्हा ती दुसरीत होती, आणि त्यानंतर मी माहूरच्या रेणुकामातेशी बोलणं बंद केलं. दिवा रोज लावत होते, नवरात्रात घट बसवत होते, पण मनातून तिला हाक जात नव्हती. दर सुट्टीत गड चढून तिची ओटी भरली, मग माझ्याच पोरीच्या वाट्याला रोजच्या सुया का, हा प्रश्न तिला विचारण्याइतकाही लोभ माझ्यात उरला नव्हता. आम्ही तेव्हा अमिरातीत, अल ऐनला राहायचो. हे बागांना पाणी पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर होते, मी शाळेत गणित शिकवायचे. मुग्धाची सहल असो की मैत्रिणीचा वाढदिवस, तिची औषधं आणि ग्लुकोजची बिस्किटं खांद्याला लावून मी हजर. ती वैतागायची, "आई, प्लीज, आय ॲम नॉट अ बेबी," म्हणायची. मी ऐकत नसे.

तिला स्वतःचं इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकवलं ते टेरेसिता नावाच्या फिलिपिनो नर्सने. पुढे तिचं आमच्या घरी येणं-जाणं सुरू झालं. फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरांत तिचं गाव, आणि तिचा भाऊ बेनी लहान लहान गट घेऊन लोकांना तिथल्या पायवाटांवर चालवायचा. हॉटेल नाही, गावकऱ्यांच्या घरी मुक्काम, ते जेवतात तेच जेवायचं, ओढ्यात साबण लावायचा नाही आणि आपला कचरा आपणच परत न्यायचा. मुग्धा अकरावीत गेली त्या उन्हाळ्यात टेरेसिता रजेवर गावी निघाली आणि मुग्धाने बरोबर जायचा हट्टच धरला. मी नाही म्हणून मोकळी झाले होते. पण हे म्हणाले, "वाळवंटात वाढलेली पोर आहे, एकदा हिरवा डोंगर चालू दे. मला रजा नाही, तू जा तिच्याबरोबर." सराव म्हणून आम्ही दोघी शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, गावाजवळच्या जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी चालू लागलो. धापा मलाच लागायच्या.

मनिलाहून बस, मग जीपगाडी, आणि त्यानंतर फक्त पाय. डोंगराच्या कुशीत एकावर एक रचलेली भाताची खाचरं, त्यांच्या दगडी बांधांवरून जाणारी हातभर रुंदीची वाट आणि खाली थेट दरी. मुग्धा त्या बांधांवरून अशी चालायची जणू तिथेच जन्मली. दर थोड्या वेळाने बोटाला टोचून साखर बघायची, बेनीला सांगून थांबायची, खायची, पुन्हा निघायची. मी मात्र औषधांची पिशवी माझ्याच खांद्यावर ठेवली होती. जास्तीच्या इन्सुलिनचा एक संच टेरेसिताकडे होता, तरी ही पिशवी मी मुग्धाच्या हाती द्यायला तयार नव्हते.

तिसऱ्या मुक्कामाकडे निघालो त्या सकाळी पाऊस पडून गेला होता. चढ मोठा होता आणि खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या मुग्धाने वाटेतच संपवल्या. टेरेसिता जेवणाचं सामान घेऊन पुढच्या गावाकडे गेली होती, आमच्या सोबतीला बेनी होता. एका ओढ्यावर माझा पाय शेवाळ्यावरून सटकला. बेनीने मला धरलं, पण पिशवी खांद्यावरून निसटली आणि पाण्याबरोबर खालच्या कड्यावरून दिसेनाशी झाली. थोडं वर गेल्यावर मुग्धा बांधावर बसली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. "आई, शुगर लो होतेय," ती म्हणाली. बेनीने एकदा तिच्याकडे पाहिलं, "मॅडम, स्टे हिअर," म्हणाला आणि टेरेसिताला गाठायला धावत सुटला.

मग धुकं उतरलं. दहा पावलांवरचं दिसेना. मुग्धाचे हात थरथरू लागले, बोलणं जड झालं, मी विचारलेल्याला ती भलतंच उत्तर देऊ लागली. माझ्याजवळ साखरेचा एक कणही नव्हता. इतकी वर्षं मी जपलेलं सगळं ओढ्याने नेलं होतं आणि माझ्या हातात फक्त माझी मुलगी उरली होती. तिला छातीशी धरून मी म्हणाले, "आई, आता माझ्याकडून काही होत नाही. तुझी आहे, तू बघ." एवढ्या वर्षांनंतर रेणुकेशी बोललेले ते पहिले शब्द. त्यात रागही नव्हता आणि मागणंही नव्हतं.

वरच्या बांधावरून कुणाची तरी चाहूल लागली आणि धुक्यातून एक म्हातारी उतरली. अनवाणी, कमरेला विणलेलं लाल वस्त्र, डोक्यावर उसाचा भारा. सुपारी-पान खाऊन तोंड लालभडक झालेलं. मी मुग्धाकडे बोट दाखवलं, हातवारे केले. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने भारा उतरवला, कमरेचा कोयता काढून एक कांडं सोललं, दगडाने ठेचलं आणि दोन्ही हातांनी पिळून रस थेंब थेंब मुग्धाच्या ओठांत सोडला. एक घोट गेला. मग दुसरा. मुग्धा गिळत होती. म्हातारीने तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि ती काहीतरी गुणगुणत पुढचं कांडं ठेचू लागली. हळूहळू मुग्धाच्या डोळ्यांत ओळख परतली. "आई, तू रडतेयस का?" तिने विचारलं, तेव्हा मला कळलं की मी रडत होते.

टेरेसिता आणि बेनी साखर घेऊन धापा टाकत आले. तिने मुग्धाचं रक्त तपासलं, वर थोडा भात भरवला. बेनीने म्हातारीशी बोलून सांगितलं, की ती एरवी या वाटेने येतच नाही. तिची नेहमीची वाट पावसाने खचली म्हणून वळसा घालून आली होती. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं तशी ती हसत मागे सरकली. मुग्धा तेवढ्यात उसाच्या चिपाडांचा कचरा गोळा करू लागली होती, नियम म्हणून. म्हातारी काहीतरी म्हणाली आणि बेनीही हसला. "राहू दे म्हणते. ते जमिनीचंच आहे, जमीन खाईल."

माहूरच्या गडावर रेणुकेचं तोंड विड्याने असंच रंगलेलं असतं. ती म्हातारी कोण, कुठली, यावर मी त्यानंतर कुणाशी वाद घातला नाही. तिचं नातवंडांनी भरलेलं घर असेल, दुखणारे गुडघे असतील. मला एवढंच ठाऊक आहे, की मी हात सोडले आणि दुसरे हात पुढे आले.

मला वाटलं होतं आता परत फिरायचं. पण मुग्धा उभी राहिली. "आई, मला पुढे जायचंय. सामान आता माझ्याकडे राहू दे, मीच घेते," ती म्हणाली. टेरेसिताकडचा संच तिने स्वतःच्या पाठीवर बांधला, खिसे साखरेच्या पुड्यांनी भरले आणि पुढच्या वाटेवर बेनीच्या मागोमाग चालू लागली. मी तिच्या मागून चालले. डोंगराच्या पार टोकाच्या गावात पोचेपर्यंत तिने एकदाही माझा हात मागितला नाही. माझी छाती तेव्हा अभिमानाने इतकी भरली होती की चढाची धाप कोणती आणि अभिमानाची कोणती, ते मला सांगता आलं नसतं.

अल ऐनला परतल्यावर मुग्धाने शाळेतल्या मुलांचा एक गट जमवला. थंडीतल्या शुक्रवारी ही मुलं डोंगरातल्या वादींमधून, म्हणजे कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून चालायची आणि लोकांनी टाकलेल्या बाटल्या पोत्यांत भरून आणायची. विद्यापीठात गेल्यावरही तिने ते सोडलं नाही. एकदा टेरेसिताने एका मल्याळी बाईला आमच्याकडे पाठवलं. तिच्या लहान मुलीला नुकताच मधुमेह निघाला होता आणि बाईची झोप उडाली होती. मुग्धा तिला हिंदीत म्हणाली, "आंटी, फ्रायडे को भेजिए. मैं हूँ ना साथ में."

त्या शुक्रवारी ती बाई आणि मी गाडीपाशी थांबलो. मुलांची रांग वादीत वळली आणि दिसेनाशी झाली. बाई अस्वस्थ होऊन म्हणाली, "आपको डर नहीं लगता?"

"लगता है," मी म्हणाले. "रोज लगता है. फिर सौंप देती हूँ."

थर्मासमधला चहा मी दोन कपांत ओतला, आणि आम्ही दोघी आपापल्या मुलींची वाट बघत डोंगराकडे तोंड करून बसलो.