एकेचाळीसपासूनच्या बेरजा

उंद्रीचे पुंजाजी मास्तर १९६३ साली क्षयानं घरी बसले. डॉक्टरनं दिवाळीचीही खात्री दिली नव्हती. मूलबाळ नव्हतं. मागे काहीतरी उरावं म्हणून मास्तरांनी एक नियम शोधून काढला. एकेचाळीसमध्ये दोन मिळवायचे, आलेल्या बेरजेत चार, मग सहा, मग आठ. येणारी प्रत्येक बेरीज मूळसंख्या, म्हणजे दुसऱ्या कशानंही भाग न जाणारी. मास्तरांनी पन्नास बेरजा तपासल्या. भाग जातो का, हे ते पाढे म्हणून पाहत, आणि पाढे शाळेतल्यासारखे तीसपर्यंतच. नियम कुठंच मोडला नाही. त्यांनी तो अमरावतीच्या एका प्राध्यापकांना लिहून पाठवला.

महिन्यानं कार्ड आलं. ‘नियम जुनाच आहे. चाळिसाव्या बेरजेला १६८१ येतात, म्हणजे एकेचाळीस गुणिले एकेचाळीस. तिथं तो मोडतो.’

“काय म्हन्ते हो कारड?” मनकर्णाबाईनं नवऱ्याला विचारलं. तिला अक्षरओळख नव्हती.

मास्तर बराच वेळ खोकले. “बरोबर हाये म्हन्ते.”

“मंग! मी म्हनतच होती, या मानसाच्या डोक्यात निरा भुसा नाही.”

बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत जाणूनबुजून दिलेलं चुकीचं उत्तर हे एकच. पोळ्याआधी ते गेले.

मनकर्णाबाईनं चिखलीहून कार्डाला काचेची चौकट करून आणली. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी ते वाचायला लावी. माणूस वाची, पुन्हा एकदा वाची, आणि “लय मोठं काम केलं मास्तरानं,” असं म्हणून खाली मान घालून चहा पिई.