मी न धरलेलं दोलन

दौंडहून शिरूरच्या कॉलेजात शिकवायला जायचं, परत यायचं आणि उरलेल्या जिवात पीएच.डी. करायची, याला सहा वर्षं झाली होती. विषय अतिवाहकांचा. काही पदार्थांत एकेकटा इलेक्ट्रॉन जागचा जवळजवळ हलत नाही. तरी जोड्या जमल्या की वीज विनाअडथळा वाहते. किती वाहणार, हे त्यांच्या लाटा एकमेकींत कशा मिसळल्यात यावर ठरतं. त्या मिसळण्याच्या मोजमापाला क्वांटम भूमिती म्हणतात. लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी नुसतं "फिजिक्स" म्हणते आणि जिलबीकडे वळते.

प्रबंध छापायला टाकायच्या आठवड्यात मला नसती खाज सुटली. गणितात अणूंच्या जागा थोड्या सरकवल्या, त्यांच्यातल्या जोडण्या होत्या तशाच ठेवल्या. उत्तर तेच यायला हवं होतं. नाही आलं. दोन दिवस कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, मग कळलं. प्रवाह सुरू झाला की सगळ्या जोड्या मिळून स्वतःला जरा सावरून घेतात. ते सामूहिक दोलन मी धरलंच नव्हतं. तीन प्रकरणं पाण्यात गेली. पुण्यातल्या माझ्या गाईडना हे दिसलं नव्हतं, परीक्षकांनाही बहुधा दिसलं नसतं. इतकी थकले होते की रडूही येईना.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं. माझे वडील रेल्वेत चावीवाले होते. हातोडा घेऊन रोज रुळांच्या कडेनं पायी जायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली झाली की ठोकायची, तडा दिसला की वर कळवायचं. दिसलेला तडा न कळवणाऱ्याला ते दारात उभं करत नसत.

"कुणी बघितलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग दे की. आम्ही किती दिस वाट बघायची?"

मला त्यांचा भयंकर राग आला. पण हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांचं चालणं दारातल्या खुर्चीपुरतंच उरलं होतं, आणि माझ्या नावामागं डॉक्टर लागलेलं बघायचं एवढंच ते धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतूनच मी गाईडना सगळं लिहून कळवलं. दुपारी त्यांचं उत्तर आलं: चूक खरी आहे, पुन्हा करायला किमान दोन वर्षं जातील.

घरी येऊन चूक कळवल्याचं आप्पांना सांगितलं.

"म्हंजी आता अजून किती?"

"सहा महिने," मी म्हणाले.

"व्हय. तेवढं निघंल माझ्याच्यानं," ते म्हणाले.