दादाचं तमिळ भजन

तमिळचं एक अक्षर न कळणारा माझा दादा दर शुक्रवारी एकच तमिळ गाणं का ऐकायचा? मी खूप जणांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. पण त्या गाण्यापायी मी जो घोळ घातला तो ऐका. हसलात तरी चालेल. दादाही हसला असता.

दादा आखातात, रास अल खोरला गॅरेजात वेल्डर होता. खोलीतला सोबती पेरुमाळ, कपाळभर भस्म लावणारा. शुक्रवारी मी जायचो तेव्हा त्याची जुनी कॅसेट चालू असायची. मृदंग, बाजाची पेटी, आणि गाणारा असा सूर चढवायचा की समोर देवच उभा असावा. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला. खांदे हलत असायचे. मला वाटायचं, भक्तीने रडतोय.

मग एका मंगळवारी दादा कामावरच कोसळला. चौतीस वर्षांचा. खलास.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानाने त्याला गावी न्यायचं होतं. त्याआधी खोलीवर फोटोला हार घातला. गॅरेजची माणसं आली. अल मनखूलहून आमच्या गावचे शिंदेकाका आणि काकू आले. बहुतेक धावपळ काकांनीच केलेली. दादासाठी माझ्या हातून एक तरी गोष्ट नीट व्हावी, एवढंच मला पाहिजे होतं.

पेरुमाळ कार्गोच्या कागदांसाठी गेलेला. पण त्याला कशाला विचारायचं? मी कॅसेट लावली आणि म्हणालो, "दादाचं आवडतं भजन."

सगळ्यांनी हात जोडले. पठाण ड्रायव्हरनेही मान खाली घातली.

"किती सात्त्विक आवाज आहे हो," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

"दत्ताचं दिसतंय," काका म्हणाले.

तेवढ्यात पेरुमाळ आला आणि दारातच थबकला. तो मला तम्बी म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ.

"तम्बी, ये क्या लगाया?"

"भजन."

"भजन नहीं रे. मेरे दादाजी के टाइम का पिक्चर है, उसका कॉमेडी गाना. दामाद ससुराल में इडली पे इडली खाता है, जाता ही नहीं. सास रोती है."

काकूंना जोडलेले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"बंद कर, गाढवा," काका पुटपुटले.

मी धावलो. पेरुमाळने माझं मनगट धरलं. "रहने दे. तेरा भाई इसमें एक जगह हँसता था. हर बार."

"उसको समझता क्या था?"



गाणं संपलं. मी टेप मागे फिरवली आणि पुन्हा लावली. दादा आता हसणार नव्हता. त्याच्या वाटचं कुणीतरी हसायला पाहिजे होतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि सगळ्यांदेखत मोठ्याने हसलो.

"अभी नहीं, तम्बी," पेरुमाळ म्हणाला. "वो जगह आगे है."