बिल पूर्ण भरूनही माझा स्कोअर कमी का?

तीन महिन्यांपूर्वी अमरावतीत आमच्या बँकेत गेलो होतो... मुलीच्या एज्युकेशन लोनसाठी. गौरीला फिजिओथेरपीला ॲडमिशन मिळाली आहे. पहिली फी साठवलेल्या पैशांतून भरली, पण पुढची लोनशिवाय जमणार नव्हती. लोनच्या अर्जात सहअर्जदार म्हणून माझं नाव होतं.

लोन विभागातल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाल्या, काका, तुमचा क्रेडिट स्कोअर कमी आहे, फाईल आत्ता पुढे जाणार नाही.

मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा पाहिला असेल. मी एका शाळेत लॅब असिस्टंट आहे. कर्ज कधी काढलं नाही, आणि क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला मुदतीच्या आत, पूर्ण भरतो. पण स्कोअर माझाच होता.

मॅडमनी समजावलं. तुम्ही वेळेवर भरता हे चांगलंच आहे, पण बिल तयार होतं त्या दिवशी जेवढी रक्कम वापरलेली दिसते, तेवढीच स्कोअर ठरवणाऱ्या कंपनीला कळवली जाते. माझं लिमिट साठ हजारांचं. बिल कधी पन्नास, कधी पंचावन्न हजार... म्हणजे हा माणूस कार्डावरच जगतो आहे, असं तिकडे दिसतं. लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच वापरा, दोन-तीन महिन्यांनी परत पाहू, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मग कार्ड बंदच करून टाकू का? तर तेही नको म्हणाल्या. थोडं वापरायचं, पण बंद करायचं नाही. मी मान हलवली आणि बाहेर आलो. खरं सांगायचं तर काहीच कळलं नव्हतं.

एवढं बिल का येतं, हे मात्र माहीत होतं. माझा स्वतःचा खर्च गॅस, किराणा आणि गौरीचा रिचार्ज, एवढाच. बाकी सगळी खरेदी अकोल्याची.

अकोल्याला माझी मेव्हणी मंदा राहते. माझी पत्नी सुनंदा, तिची ही धाकटी बहीण. सुनंदाला जाऊन आता दुसरं वर्ष सुरू आहे. ती गेल्यानंतर काही महिन्यांनी मंदाचा फोन आला की वॉशिंग मशीन घ्यायची आहे, तुमच्या कार्डावर सूट आहे म्हणे, तुम्हीच या. ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येईल ना...

तेव्हापासून दर महिन्याला काही ना काही निघायचं. इन्व्हर्टरची बॅटरी, भाच्याचा मोबाईल, कूलर, मग सोफा. मी बडनेऱ्याहून रेल्वेने जायचो. आधी जेवण, मग दुकान. परत निघताना साडू विलासराव सगळे पैसे हातात ठेवायचे, एक रुपया कधी राहिला नाही. त्यामुळे यात माझं काही नुकसान होत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

आता नाही म्हणायचं होतं. आठ-दहा दिवस फोन करायचा राहूनच गेला. एकीकडे गौरीची फी... दुसरीकडे सुनंदाच्या माहेरच्यांना वाटायचं, ती गेली आणि यांनी हात आखडता घेतला. मला बोलायची सवय कमी. शेवटी रविवारी स्वतःच गेलो.

जेवण झाल्यावर कसंबसं सांगितलं. स्कोअर, लिमिट, बिलाची तारीख... मलाच नीट न कळलेलं त्यांना काय सांगणार. विलासराव म्हणाले, "म्हंजे पैसे भरले तरी बी वांधा? हे तं अजबच हाये." मग हसले, "आता तुमच्या कार्डाले उपास धरायले लावा."

मंदा हसली नाही. ती नुसतीच ताटं आवरत होती. मला वाटलं, राग आला. मी म्हणालो की गौरीचं लोन झालं की मग पुन्हा...

तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, तसलं कार्ड तं यायच्याजवळ बी हाये."

मी विलासरावांकडे पाहिलं. ते बडीशेपच्या डबीत बघत होते.

"मंग माझं कावून मागत होती?" मी मंदाला विचारलं.

"तुमाले तसं या म्हटलं तं तुमी येत नव्हते," मंदा म्हणाली. "ताई गेली तवापासून दहादा बोलावलं तुमाले. हो म्हनायचे आन् घरीच बसायचे. कामाले बोलावलं तं आले. मंग दर महिन्याले काम काढत गेलो आमी."

ताटं उचलून आत जाता जाता ती म्हणाली, "सोफा तं नव्हताच पायजे आमाले." त्यावर विलासराव म्हणाले, "मले इचारा ना, मी त्याच्यावर बसतो कुठं."

त्यानंतरच्या दोन महिन्यांत कार्डावर फक्त किराणा आणि गॅस घेतला. बिल तयार व्हायच्या आधीच बरीचशी रक्कम भरून टाकली. परवा मॅडमनी पुन्हा स्कोअर पाहिला. वाढला आहे... फाईल पुढे गेली आणि काल लोन मंजूर झाल्याचा मेसेज आला.

हे गणित मला अजूनही पूर्ण कळलेलं नाही. वेळेवर पैसे भरणाऱ्याचाही स्कोअर कसा घसरतो, आणि वापरू नका, बंदही करू नका, हे कसं... तुमच्यापैकी कुणाला नीट माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि कार्ड वापरत असाल तर बिल बनण्याआधी थोडं भरत जा, एवढं मात्र मी सांगू शकतो.

या रविवारी अकोल्याला जाणार आहे. काहीच आणायचं नाही, असं मंदाला आधीच सांगून ठेवलं. ती म्हणाली, "मंग मुक्कामानं या."